झाकून परत दिलेलं ताट

माझा भाऊ आजारी नव्हता. त्याची एकादशी होती.

हे वाक्य मी जहाजावरच्या डॉक्टरांना सांगितलं, जहाजकंपनीच्या लोकांना फोनवर सांगितलं, परदेशातल्या इस्पितळात नाकात नळ्या असताना एका नर्सला सांगितलं आणि घरी आल्यावर भावाच्या मुलालाही सांगितलं. प्रत्येकाने मान हलवली. मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे साठी उलटल्यावर मला नीट कळलं.

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलं. येताना शिंपीकाम आणलं, विठ्ठल आणला आणि मराठी आणली. ती मराठी आता कन्नडच्या अस्तरावर शिवलेली आहे. मी लिहिते ती भाषा पुस्तकांतून उचललेली आहे, घरात बोलतो ती वेगळी.

मी बरी झाले तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, अनुभव लिहून काढा, इतरांना धीर येईल. धीर देणं मला जमेलसं वाटत नाही. इतकी वर्षं झाली, अजून माझा राग गेलेला नाही. पण रागातही कुणाच्या उपयोगाचं काही निघेल, म्हणून लिहिते. सावकाश लिहिते, कारण आता पायऱ्या चढल्यासारखा लिहितानाही दम लागतो.

समुद्राच्या मधोमध

अण्णा माझा मोठा भाऊ. वहिनी गेल्यावर सरस्वतीपुरमच्या घरात आम्ही दोघंच उरलो. वरच्या मजल्यावर तो, खाली मी आणि माझी पुस्तकं. मेटगळ्ळीच्या कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश त्याच्या दुकानात शिवले जायचे. आयुष्यभर खाकी आणि निळं कापड कापलेला माणूस. दुकान बंद केलं तेव्हा त्याचा मुलगा गिरीश, जो बेंगळूरला नोकरी करतो, म्हणाला, अप्पा, आता कुठं जायचंय ते सांगा.

अण्णा म्हणाला, समुद्रात.

समुद्र त्याने पाहिला होता, मंगळूरला, काठावरून. त्याला मधोमध जाऊन बघायचा होता. गिरीशने परदेशातून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाची दोघांसाठी एकच खोली घेऊन दिली. तेव्हा कोरोना हा शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असायचा. जहाजाचं आणि कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कुणी फक्त तेवढंच वाचेल.

पहिल्या संध्याकाळी डेकवर उभं राहून अण्णा बराच वेळ पाणी बघत होता. मग म्हणाला, "बग इंदू, कुठं जोड दिसत न्हाई. येकाच ताग्यातलं." त्याला तेवढं पुरलं. बाकीचे दिवस त्याने जहाजावरच्या माणसांचे गणवेश बघण्यात घालवले. आमच्या खोलीची व्यवस्था बघणारा दयानंद कारवारचा, चाळिशीचा गृहस्थ. आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचा. त्याच्या कोटाची खांद्याची शिवण उसवत होती. अण्णाने त्याला थांबवून कोट काढायला लावला आणि खिशातल्या सुईने तिथेच बसून शिवून दिला. वर म्हणाला, "कोण शिंपी रे तुमचा? त्याला सांग, खांदा माणसाला असतोय, हँगरला न्हवं."

अण्णा कसा होता हे कळावं म्हणून हे सांगते. महिन्यापूर्वीच तो बेट्टदपुरचा डोंगर चढून आला होता, सगळ्या पायऱ्या, माझ्यासाठी दोनदा थांबून. त्याला दम लागला नव्हता. मला लागला होता.

नको असलेले

मग बंदरं बंद व्हायला लागली. जिथे उतरायचं होतं तिथल्यांनी नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या बंदराने आधी हो म्हटलं, मग नाही. आम्हाला किनाऱ्यावरच्या इमारती दिसायच्या, खिडक्यांतले दिवे दिसायचे, आणि जहाज पुन्हा तोंड फिरवायचं.

जहाजावरचे नियम रोज बदलत होते. आधी हात धुवा. मग एकत्र जेवण बंद. मग डेकवर पाळीपाळीने. मग खोलीबाहेर पाऊलच नाही. प्रत्येक नियम ध्वनिक्षेपकावरून एका गोड आवाजात यायचा आणि त्याच्या शेवटी 'आपल्या सुरक्षिततेसाठी' असं असायचं. तो शब्द मला आता सहन होत नाही. आमच्या सुरक्षिततेसाठी आमचं ताट दयानंदसारखी माणसं दारोदार आणत होती, आणि ती माणसं खाली पाण्याच्या पातळीखालच्या खोल्यांत एकावर एक निजत होती. त्यांच्या सुरक्षिततेसाठी काय केलं होतं ते ध्वनिक्षेपकाने कधी सांगितलं नाही.

बंदरांवर मी रागावले, पण त्यांची भीती मला समजते. घाबरलेल्या माणसांनी दार लावून घेतलं. जहाजावरच्यांचं तसं नव्हतं. ते घाबरलेले होते आणि घाबरलेलं दिसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी विचार करणं सोडलं आणि नियम घट्ट धरला.

एकादशी

अण्णा एकादशीला पाणी सोडून काही घेत नसे. फळ नाही, दूध नाही. वडील तसंच करायचे. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सकाळी लवकर जेवून उपास सोडायचा. पारणं चुकलं तर उपासाला अर्थ नाही, असं तो मानायचा. मी उपास करत नाही. आमच्या घरात त्यावरून कधी वाद झाला नाही. तो माझ्या पुस्तकांना हात लावायचा नाही, मी त्याच्या उपासाला.

पिशवीत पंचांग होतं. खोलीत कोंडलेलो असतानाही त्याने एकादशी धरली. दुपारचं जेवण आलं, मी माझं जेवले. त्याने स्वतःच्या ट्रेवर आधी होतं तसंच झाकण ठेवलं, वर रुमालाची घडी ठेवली आणि दयानंद रिकामी भांडी न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात दिला.

दयानंदने झाकण किंचित उचलून बघितलं. अण्णा काय करतोय ते त्याला लगेच कळलं, कारवारचाच तो. हळू आवाजात मला म्हणाला, "अक्का, कुणी जेवलं नाही तर वर कळवायचं असा नवा नियम झालाय. भूक जाणं लक्षण आहे म्हणे. ह्या पिशवीत काढून द्या. मी काही बोलत नाही."

मी ट्रे घ्यायला हात पुढे केला. अण्णाने माझा हात खाली केला.

"अन्न हाय ते. पिशवीत कसं घालायचं?"

"अण्णा, शेवटी फेकतातच हो सगळं," दयानंद म्हणाला.

"तुमी फेका. मी न्हाई फेकणार. मी शिवलं न्हाई त्याला, उष्टं न्हाई. कोणतरी खाईल की. झाकून ने."

दयानंद माझ्याकडे बघत राहिला. मी अण्णाला म्हटलं, दे रे, पिशवीत घालू. तो म्हणाला, "इरली बिडु, इंदू. राहू दे. उपास हाय, चोरी हाय का?"

बाहेर ट्रॉलीपाशी देखरेखीचा माणूस उभा होता. झाकलेला ट्रे त्याने उघडला, खोलीचा क्रमांक बघितला. एवढंच घडलं.

थोड्या वेळाने पांढऱ्या पोशाखातली दोघं आली. अण्णा खिडकीशी उन्हात बसून पोथी वाचत होता, त्या खोलीत ऊन येण्याची तेवढी एकच जागा. त्यांनी त्याच्या कपाळाला यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या किंचित वर गेला. मी म्हटलं, ते उन्हात बसलेत, थोडा वेळ सावलीत बसू द्या आणि पुन्हा बघा. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, त्यांची भूक गेलेली नाही, हा धार्मिक उपवास आहे, महिन्यातून दोनदा असतो, उद्या सकाळी ते जेवतील. माझं इंग्रजी चांगलं आहे, आयुष्यभर त्याच भाषेतली पुस्तकं लावली. एकही शब्द चुकला नाही. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि सांगितलं की दोन लक्षणं झाली, आता त्यांना वेगळ्या मजल्यावर हलवावं लागेल. तपासणीची साधनं संपत आली आहेत, तपासणी नंतर होईल.

दुसऱ्यांदा ताप बघण्याची सोय नियमात नव्हती. कारण ऐकून घेण्याचीही नव्हती.

अण्णा भांडला नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी वागलेला माणूस, समोरच्याचं ठरलंय हे त्याला लवकर कळायचं. चपला घातल्या, पोथी घेतली. दारातून मला म्हणाला, "उद्या द्वादशी. सकाळी लवकर कायतर खायला द्या म्हणून सांग त्यांना. तुला इंग्लिश येतंय की."

"सांगते," मी म्हटलं.

ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. त्याचा मोबाईल माझ्या खाटेपाशी चार्जिंगला लावलेला राहिला.

नवराबायको असाल तर

मी मागोमाग निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्या पत्नी का. मी म्हटलं, बहीण. मग जमणार नाही, ते म्हणाले. नवराबायकोंना एकत्र हलवण्याची मुभा होती, दोघांची तयारी असेल तर. बहीणभावांचं नियमात काहीच नव्हतं. मला त्या क्षणी वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मग वाटलं, ते माझ्याकडून खोटं बोलून घेणार आणि वर मी त्याची लाज बाळगायची?

आमच्यासारखी माणसं जगात पुष्कळ आहेत. विधवा बहिणी, लग्न न केलेल्या बहिणी, म्हातारे भाऊ, एकमेकांच्या औषधांच्या वेळा पाठ असलेले. कुठल्याही संकटाचे नियम लिहिताना ती आठवत नाहीत.

मी खोलीतल्या फोनवरून सारखी विचारत राहिले. त्या मजल्यावरच्या खोल्यांना बाहेरून फोन लागत नव्हता, म्हणून निरोप ठेवायचा. संध्याकाळी मी सांगितलं, उद्या सकाळी माझ्या भावाला लवकर जेवण द्या, त्याचा उपास सुटायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, दिलं का. दुपारी विचारलं, जेवला का. दर वेळी तोच गोड आवाज: तुमची काळजी नोंदवून घेतली आहे.

मी काळजी सांगत नव्हते. मी एक साधा प्रश्न विचारत होते. म्हैसूरला आम्ही रस्त्यात भेटलेल्या माणसालाही 'ऊटा आयता?' विचारतो, जेवण झालं का. भाजीवालीला विचारतो, पोस्टमनला विचारतो. तो प्रश्न जगात इतका अवघड असेल असं मला माहीत नव्हतं.

दयानंद पुढे आमच्या बाजूला आलाच नाही. त्याची पाळी बदलली होती असं नव्या माणसाने सांगितलं.

ताप आला त्याचा आनंद

काही दिवसांनी मला कणकण वाटायला लागली. मग घसा, मग पाठ, मग पायांत कुणीतरी दोरी पिळल्यासारखं दुखणं. ज्यांना हे झालं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना झालं नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

मला आनंद झाला. हे लिहिताना मी शब्द तपासून बघितला, दुसरा सापडला नाही. ताप आला म्हणजे आता मलाही त्या मजल्यावर नेतील आणि अण्णा मला दिसेल. मी स्वतः बेल दाबली. केस विंचरले. त्याचा मोबाईल, चष्म्याची डबी आणि एक धुतलेला सदरा पिशवीत घेतला. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली तेव्हा मी चपला घालून तयार होते.

वर गेल्यावर कळलं की अण्णा तिथे नाही. त्याचा श्वास कमी पडायला लागला, तपासणीत कोरोना निघाला आणि एका बंदराने फक्त अत्यवस्थ रुग्णांना उतरवून घेण्याचं मान्य केलं, त्यात त्याला आदल्या दिवशी नेलं. मला कुणी कळवलं नव्हतं. मुलाला कळवलं होतं, कारण जवळचा नातलग म्हणून मुलाचं नाव होतं.

तिथल्या एका वृद्ध बाईंकडून आणखी एक गोष्ट कळली. अण्णाला ज्या खोलीत ठेवलं होतं तिथे आधीच एक माणूस होता. तो सारखा खोकत असायचा. भिंतीपलीकडून त्यांना ऐकू यायचं.

ती रात्र कशी गेली ते मी लिहिणार नाही.

इस्पितळ

मलाही उतरवलं, पण दुसऱ्या इस्पितळात. अण्णाचं इस्पितळ त्याच शहरात होतं. खिडकीतून एक उंच इमारत दिसायची, मी ठरवलं की ती तीच. खरी कुठली ते मी मुद्दाम विचारलं नाही.

आजाराचं काय सांगू. श्वास म्हणजे तोकडं पांघरूण झालं होतं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. माणसांचे चेहरे दिसत नव्हते, सगळी पांढऱ्या पिशवीतली. एक नर्स पोशाखावर शाईने स्वतःचं नाव लिहायची आणि त्याखाली एक पान काढायची. रोज वेगळ्या झाडाचं. मी ओळखायचे, ती मान हलवायची. त्या सगळ्या काळात तेवढं एकच मान हलवणं खरं होतं. तिने एकदा माझी खाट थोडी तिरकी केली, म्हणजे मला भिंतीऐवजी आकाश दिसावं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. कुठल्या नियमात नव्हतं.

गिरीशचा रोज फोन यायचा. मी फार बोलू शकत नव्हते. रोज एकच विचारायचे, अण्णा कसा आहे. तो म्हणायचा, बरे आहेत, आत्या. मी विचारायचे, जेवला का. तो म्हणायचा, जेवले.

नळ्या निघाल्या त्या दिवशी त्याने सांगितलं की अप्पा कधीच गेले होते. मी इस्पितळात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तिथल्याच लोकांनी अग्नी दिला, अस्थी ठेवल्या आहेत. डॉक्टरांनीच सांगितलं होतं आत्याला कळू देऊ नका म्हणून.

डॉक्टरांचं बरोबर असेल. गिरीशचंही बरोबर असेल. तो एका घरात एकटा बसून, बाप गेलेला असताना मला रोज 'जेवले' म्हणत होता, ते सोपं नव्हतं. पण मला त्या शब्दाचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. बरा आहे म्हण, झोपलाय म्हण. जेवले कशाला म्हणायचं?

घर

म्हैसूरला परतले तेव्हा आमच्या फाटकावर कागद चिकटवलेला होता, या घरात येऊ नये असा. समोरचे शिक्षक, ज्यांच्या दोन्ही मुलींना मी ग्रंथालयाची पुस्तकं घरी नेऊ दिली होती, त्यांनी खिडकी लावून घेतली. मला बंदरं आठवली. शेजारच्या ललितम्मा मात्र रोज कंपाउंडच्या भिंतीवर डबा ठेवायच्या, चार पावलं मागे सरायच्या आणि ओरडून विचारायच्या, "ऊटा आयता, इंदिरम्मा?" पहिल्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, मी डबा उचलेपर्यंत.

अस्थी फार उशिरा आल्या, एका खोक्यातून. श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडल्या. गिरीश आणि मी, दोघंच. परत येताना गाडीत तो पहिल्यांदा बोलला.

"आत्या, एक विचारू? तू त्यांचं ताट का नाही खाल्लंस? दोन घास इकडचे तिकडे केले असते तरी चाललं असतं."

हा प्रश्न माझा स्वतःला विचारून झाला होता. हो, खाता आलं असतं. पिशवीत टाकता आलं असतं. माझा भाऊ जगावा म्हणून त्याची एकादशी संडासात ओतून टाकता आली असती. पण असं का करायला लागावं? झाकलेलं ताट बघून एका माणसाने एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं? गिरीश मला विचारत होता, कारण मी समोर होते. ध्वनिक्षेपकाला विचारता येत नाही.

साक्ष

मी कंपनीला लिहिलं. पुन्हा लिहिलं. मग त्यांच्या एका बाईचा फोन आला. सहानुभूती होती, ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. तिने सांगितलं की तुमच्या भावाला लक्षणं दिसल्यामुळेच हलवलं गेलं, पुढे तपासणीत आजार सिद्धही झाला. मी खोकणाऱ्या माणसाबद्दल विचारलं. ती म्हणाली, तुम्ही तर त्या खोलीत नव्हता, तरी तुम्हालाही आजार झाला. म्हणजे तो तुमच्या खोलीत आधीपासूनच असणार.

ताट आणून देणाऱ्या हातांतून मला तो आला असेल, हवेतून आला असेल. किंवा ती म्हणाली तसंही असेल. मला माहीत नाही, तिलाही नाही, आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. पण ज्या तापाचा मला आनंद झाला होता, तो त्यांच्या बाजूने साक्ष देऊन मोकळा झाला. माझ्याच शरीराने. या आजाराने माझं एक फुप्फुस अधू केलं त्याचा मला इतका राग नाही, जितका याचा आहे.

गिरीशलाही ते पटलेलं दिसलं. तो म्हणाला, सोड आता आत्या. मी सोडलं नाही. मी प्रश्न लहान केला. माझ्या भावाला हलवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो जेवला का, एवढंच मला सांगा. भूक नसलेला माणूस जेवत नाही. आणि जेवला असेल तर त्याचं पारणं झालं. दोन्ही मला कळायला हवं होतं. कुठलं जास्त, ते मला सांगता येत नाही. बाईने लिहून घेतलं. उत्तर आलं त्यात प्राणवायू होता, औषधं होती, किनाऱ्यावर उतरवल्याची वेळ होती. जेवण नव्हतं.

कुणावर अशी पाळी आली तर माझ्याकडून एवढं घ्या. आपल्या माणसाचा फोन त्याच्या खिशात ठेवा, भिंतीला लावून ठेवू नका. बोलणाऱ्याचं नाव विचारा. 'नोंदवून घेतलं' म्हणाले की विचारा, कुणी वाचलं. आणि नातं विचारलं तर जे आहे तेच सांगा, पण सांगून बाजूला होऊ नका. दारात बसा. मी उभी राहिले आणि मग खोलीत परत गेले. दार त्यांनी लावलं.

दयानंद

या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, अनोळखी क्रमांकावरून फोन आला. "अक्का, मी दयानंद. कारवारचा. कोटाचा खांदा."

जहाजावरची नोकरी त्याने सोडली होती. आता गावीच असतो. माझा क्रमांक त्याने अण्णाने दिलेल्या दुकानाच्या जुन्या कार्डावरून काढला. दुकान आता नाही, पण बाजारातल्या कुणीतरी त्याला घरचा क्रमांक दिला. त्याला इतकी वर्षं फोन करायचा धीर झाला नव्हता. ट्रे मीच नेला ना, म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तू नेलास, पण वर तू कळवलं नाहीस. त्याला ते ऐकायचं होतं की नाही मला माहीत नाही.

मग त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी त्याची पाळी बदलून त्याच मजल्यावर लावली होती, जिथे कुणी जायला तयार नव्हतं. त्या मजल्याची माणसं मग तिथलीच, दुसरीकडे जायला बंदी. म्हणून तो मला परत दिसला नाही. द्वादशीच्या सकाळी अण्णाच्या दाराशी ट्रे त्यानेच ठेवला. सगळ्यांच्या आधी ठेवला, उजाडायच्या सुमाराला, कारण आज लवकर लागणार हे त्याला ठाऊक होतं.

"आणि?" मी विचारलं.

"सगळं जेवले, अक्का. पाव, बटाट्याची भाजी, केळं. केळ्याची साल सोडली तर काही उरलं नव्हतं. आणि ताट धुऊन ठेवलं होतं बाहेर, पालथं. त्या मजल्यावर कुणी ताट धुवत नव्हतं, कुणाच्यात तेवढी ताकदच नव्हती. वर रुमालाची घडी."

मी कंपनीला हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की आहाराविषयीची तोंडी माहिती वैद्यकीय पुरावा म्हणून धरता येत नाही. बरोबरच आहे. आदल्या दिवशी मात्र न खाल्लेलं ताट त्यांनी पुरावा म्हणून धरलं होतं.

दयानंदचा फोन आला त्याच संध्याकाळी मी गिरीशला फोन लावला होता. दयानंदने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, सोड आत्या.

"केळंसुद्धा खाल्लं?" त्याने विचारलं.

"साल तेवढी ठेवली होती."

"म्हणजे भूक होती त्यांना."

"होती," मी म्हटलं. "आदल्या दिवसापासून उपाशी होता तो."

पलीकडे त्याने गाडी कडेला घेतली असावी. आवाज थांबला. मग तो रडायला लागला, आणि मी फोन कानाला तसाच धरून बसले, तो थांबेपर्यंत.